चार दिवसांची घट

उर्वीनं जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी बाजूला सरकवली आणि आलेखाचा लांब कागद उलगडला. कागद दोन्ही बाजूंनी खाली लोंबायला लागला, तेव्हा विमलताईंनी एका टोकावर चष्म्याची डबी ठेवली आणि दुसरं टोक हातानं दाबून धरलं.

"हे बघा, मॅडम. प्रत्येक मादी चौथ्या-पाचव्या दिवशी माजावर येते. त्या दिवशी तिचं खाणं उतरतं. पाणीही कमी. दुसऱ्या दिवसापासून परत चढतं. हे तुमच्यासारखंच आलंय, अगदी नेमकं."

"येणारच. लातूरची उंदरीण काही नांदेडच्या उंदरिणीपेक्षा वेगळी नसते."

उर्वी हसली नाही. तिचं बोट कागदावरून सरकत राहिलं, एका महिन्यावरून दुसऱ्या महिन्यावर, आणि शेवटाला जाऊन थांबलं.

"पण तुमची घट येत नाही. आठ महिने झाले. एकदाही नाही."

'तुमची घट' हे शब्द विमलताई चौतीस-पस्तीस वर्षं ऐकत आल्या होत्या. कॉलेजच्या प्राणीशास्त्र विभागात नोकरी करताना त्यांनी पांढऱ्या उंदरांच्या माद्यांवर चार वर्षं काम केलं होतं. मादीच्या चक्राप्रमाणे तिची भूक आणि तहान बदलते, हे जगाला आधीच माहीत होतं. विमलताईंना सापडलं ते वेगळं. त्यांच्या खोलीतल्या सगळ्या माद्या, आपापलं छोटं चक्र सांभाळून, दर सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांनी एकदम, सलग चार दिवस कमी खात आणि कमी पीत. पाचव्या दिवशी पुन्हा पूर्ववत. नरांच्या खोलीत असं काही होत नव्हतं. औरंगाबादच्या परिषदेत त्यांनी हा आलेख भिंतीवर लावला, तेव्हा मागच्या रांगेतले एक वयस्कर प्राध्यापक उठून जवळ आले होते आणि बराच वेळ चष्मा वर-खाली करून बघत उभे राहिले होते. त्यानंतर विभागात कोणी त्यांना 'उंदीरवाल्या बाई' म्हणालं नाही. निदान समोर तरी नाही.

"गंधार सर काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

उर्वीचे मार्गदर्शक गंधार सर विमलताईंचा पेपर वर्गात शिकवत असत.

"म्हणतात, विमल मॅडमनी सलाईनच्या बाटल्या आणि शाळेच्या वहीवर जे पकडलं, ते तुला डिजिटल काट्यावर दिसत नाही. म्हणजे तुझा हात कच्चा आहे. सगळ्यांसमोर म्हणाले." उर्वीनं कागदाचा कोपरा दुमडला, मग सरळ केला. "हे सगळं टाकून द्यायचं, नव्या माद्या आणायच्या, पहिल्यापासून सुरुवात. मुदतवाढ एकदाच मिळते आणि ती मी घेतलीय. मला वेळ पुरणार नाही, मॅडम."

"रडू नकोस."

"नाही रडत." तिनं मोबाईल पुढे केला. विमलताईंच्या कपाटातल्या जुन्या वह्यांचे फोटो तिनं मागच्या वेळी काढून नेले होते. "अजून एक विचारायचं होतं. जून सत्त्याऐंशी ते ऑगस्ट अठ्ठ्याऐंशी, चौदा-पंधरा महिने, तुमच्याही वहीत घट नाही. नंतर परत सुरू होते. पेपरात हा तुकडाच नाही."

विमलताईंचा हात कागदावरून उचलला गेला. कागद सुरळी होऊन चष्म्याच्या डबीपाशी जाऊन थांबला.

"त्या खेपेच्या माद्यांतच काही फरक असावा असं वाटलं तेव्हा. शिवाय छापायला पानं मोजकी होती."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं तितकंसं नव्हतं.

"तुम्ही खायला काय घालत होता? त्यातच काही असेल कदाचित."

"ते नागाबाईला विचारायला पाहिजे," विमलताई म्हणाल्या. "मळायची तीच."

कॉलेजच्या मागे तेव्हा निलगिरीच्या झाडांखाली दोन पत्र्याच्या खोल्या होत्या. एकीत माद्या, एकीत नर. माद्यांची खोली नागाबाईकडे आणि नरांची गुंडप्पाकडे. विमलताई सकाळी सातला यायच्या, प्रत्येक मादीचा थेंबभर स्राव ड्रॉपरनं काचपट्टीवर घ्यायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघून आज कोणती मादी चक्रात कुठं आहे ते रंगीत पेन्सिलीनं मांडायच्या आणि तासाला पळायच्या. दहा वाजता नागाबाई यायची. रात्रीच्या उरलेल्या खाण्याचं वजन, बाटलीतलं उरलेलं पाणी, मग ताजं खाणं, ताजं पाणी. वहीत आकडे तिच्या हातचे. चौथी शिकलेल्या बाईचे, जरा तिरके, पण एकही खाडाखोड नसलेले. त्या वह्यांचा वास विमलताईंना अजून येत असे. भाजलेल्या हरभऱ्याचा आणि फिनेलचा.

दोघींना घेऊन मुखेडची एसटी साडेनऊला निघाली. नागाबाईचं घर आठवडी बाजाराच्या मैदानामागे होतं, दोन खोल्यांचं, वर स्लॅब टाकलेलं. तिचा मुलगा रामकिशन तिथल्याच शाळेत मास्तर होता. दर संक्रांतीला त्याच्याच मोबाईलवरून नागाबाई फोन करायची आणि 'तिळगूळ घ्या' म्हणून, पुढं काय बोलायचं ते न सुचून ठेवून द्यायची.

ती दारातच उभी होती.

"आवो बाई! किती वाळल्यात! उंदरायला खाऊ घालू घालू सोता उपाशीच राहिल्या का काय?"

"तू तरी कुठं धड आहेस? गुडघे बघ तुझे."

"गुडघ्यायला काय झालंय? उठताना रडून राहिलेत, बसताना रडून राहिलेत. मधल्या टायमाला मस्त हायत." तिनं उर्वीकडे पाहिलं. "ही कोन? नात?"

"विद्यार्थिनी. म्हणजे माझी नाही, लातूरची. तीही उंदरांवरच काम करते."

"काहीतरी चांगलं काम कर की गं पोरी," नागाबाई म्हणाली आणि तोंडावर पदर धरून हसली.

सतरंजीवर बसून उर्वीनं वही काढली. नागाबाईला चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं पाठ होतं. दोन वाटी गव्हाचं पीठ, एक वाटी भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, मूठभर दूधपावडर, शेंगतेल, चिमटीभर मीठ. घट्ट मळायचं, वड्या पाडायच्या, तासभर उन्हात. फार वाळू द्यायच्या नाहीत, नाहीतर उंदीर नुसतं कुरतडून टाकतात, खात नाहीत.

"आन् नऊ नंबरची तर लईच लाडाची. जरा कडक लागलं की तोंड फिरवायची. मी म्हनायची, सासरी गेलीस तर कसं हुईल गं तुझं?"

"रोज ताजं मळायचात, मावशी?"

"रोज." नागाबाईनं सतरंजीचा निघालेला धागा बोटाला गुंडाळला. "म्हंजे, रोजच की."

मग तिनं विषय रामकिशनवर नेला. शाळेतून यायला त्याला तीन वाजतात, भेटूनच जा, तुमच्या पाया पडायचं म्हणत होता. आता सदतीस पूर्ण झाली त्याला.

"अठ्ठ्याऐंशीला झाला न तो, बाई. ध्यानात हाय का? होळी झाली आन् दुसऱ्या दिवशी, धुळवडीला. तुमी झबलं आनलं होतं. पिवळं."

"आहे ध्यानात," विमलताई म्हणाल्या.

त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून मागे मागे चालला होता. मार्च, फेब्रुवारी, जानेवारी. जूनच्या पेरावर येऊन तो थांबला. मग पुन्हा मार्चपासून पुढे निघाला, अंगावर पिणाऱ्या मुलाचे चार-पाच महिने मोजत, आणि ऑगस्टवर थांबला. त्यांनी मूठ मिटली आणि पदराखाली घेतली.

तेवढ्यात उर्वीचा फोन वाजला. गंधार सरांचा होता. आत आवाज तुटत होता म्हणून ती चपला घालून मैदानाच्या बाजूला गेली.

ती लांब गेलेली दिसल्यावर विमलताई नागाबाईकडे वळल्या.

"नागाबाई, एक विचारते. तुझे ते दिवस असायचे, तेव्हा तिकडं तू काय करायचीस? उंदरांच्या खोलीत."

नागाबाईनं लुगड्याचा काठ पायांवर ओढून घेतला. "आता ते कामून काढता, बाई? म्हाताऱ्या झालो आपन."

"सांग मला."

"काय करनार? मळायची न्हाई. आधीच्या वड्या डब्यातनं कागदावर घ्यायची आन् वरूनच टाकायची, हात न लावता. उरलेल्या चिमट्यानं उचलून तोलायची. बाटल्या काढायची न्हाई. सलाईनच्या बाटलीवर रेघा असत्यातच. त्या लांबून वाचायच्या आन् लिवायचं. आकडा कदीच खोटा लिवला न्हाई, बाई. रामकिशनच्या गळ्याची शप्पत."

"चारही दिवस पाणी तेच?"

"तेच. उन्हाळ्यात बुळबुळीत व्हायचं, मग प्यायची न्हाईत ती. वड्या तर दगडच व्हायच्या. मला लई वाईट वाटायचं. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन आले की पहिलं काम बाटल्या घासायचं. कशी तुटून पडायची मग पान्यावर!"

पाचव्या दिवशी रेघ अशी उभी वर चढायची की परिषदेत विमलताईंनी त्या जागी लाल बाण काढला होता.

"मला कधी बोलली नाहीस."

नागाबाईनं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. "तुमीच म्हणल्या होत्या न? खान्यापिन्याला हात लावायचा न्हाई, आन् येऊन सांगायचं बी न्हाई. मी म्हनलं, उंदरायचं तरी खानंपिनंच हाय की ते. गनपतीचं वाहन."

विमलताईंना पाटीवरच्या अक्षरासारखं सगळं दिसायला लागलं. पंच्याऐंशी साल. नागाबाई कामाला लागून महिनाच झाला होता. महालक्ष्म्या होऊन गेल्या होत्या आणि विमलताईंनी विभागासाठी प्रसादाच्या करंज्यांचा डबा आणला होता. मधल्या सुट्टीत नागाबाईनं न सांगता बशा मांडल्या, करंज्या वाढल्या, माठातलं पाणी भरलं. मग कोणीतरी विमलताईंच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजलं. विमलताईंनी सगळ्यांच्या बशा परत घेतल्या होत्या. माठ बाहेर नेऊन ओतायला लावला होता, तिलाच. ओतताना नागाबाईनं वर पाहिलं नव्हतं. विमलताई प्रयोगशाळेच्या मधोमध उभ्या राहून बोलत होत्या आणि सगळे ऐकत होते.

त्याच सकाळी त्यांनी बारा माद्यांच्या काचपट्ट्या पाहिल्या होत्या. हात साबणानं धुतले होते, बस्स. त्यात विटाळ आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

आणि गुंडप्पा महिन्याचे तीसही दिवस नरांचं पाणी बदलत होता.

उर्वी परत आली. तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि खाली बसली.

"सर म्हणतात, आजच सांग. नव्या माद्यांची मागणी सोमवारी द्यायची की नाही." तिनं वही पुन्हा उघडली. "मावशी, शेवटचं विचारते. महिन्यातले काही दिवस तुम्ही काही वेगळं करायचात का? आठवून सांगा. अगदी बारीक काही असलं तरी."

नागाबाईची नजर विमलताईंकडे गेली. तिथं ती क्षणभरच थांबली.

"न्हाई पोरी," ती म्हणाली. "रोजचं तेच."

ती इतकं सरळ बोलली की विमलताईंनाही तेच खरं वाटलं असतं. आता नुसतं उठायचं बाकी होतं. चारची एसटी होती. पेपर कपाटात होता, त्याच्या खाली नवऱ्यानं, दत्तोपंतांनी, जपून ठेवलेलं परिषदेचं पत्र होतं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते दाखवून दाखवून दत्तोपंत गेले, त्यालाही सहा वर्षं झाली. लातूरच्या एका मुलीचं एक वर्ष जाईल. मुलींची वर्षं जातातच. विमलताईंच्या मनात असं आलं, आणि ते आलं म्हणून त्यांना आपलाच चेहरा गरम झालेला जाणवला.

"मग माझंच चुकतंय," उर्वी म्हणाली आणि पेनाचं टोपण लावायला लागली.

"पाणी बदललं जात नव्हतं," विमलताई म्हणाल्या.

"काय?"

"दर महिन्याला चार दिवस. पाणी शिळं, वड्या शिळ्या. म्हणून कमी खायच्या. नर दुसऱ्या माणसाकडे होते, त्यांचं रोज बदलायचं. तुझे आकडे बरोबर आहेत. घट नाहीच आहे. कधी नव्हतीच."

उर्वीच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं आणि ती भराभर लिहायला लागली. लिहिता लिहिता अर्धवट मोठ्यानं म्हणतही होती, "दरमहा चार दिवस अन्न-पाणी न बदलणे. कारण, मदतनीसाची हयगय."

"हाव," नागाबाई लगेच म्हणाली. "माझीच चूक झाली ती. लिव पोरी. आता काय, नोकरी थोडीच जानार हाय?" ती हसली. हसताना तिनं विमलताईंकडे पाहिलं नाही, उठायच्या बेतानं भिंतीला हात लावला. "चहा ठेवते. बाईला कमी साखरेचा, न?"

"बस, नागाबाई."

"गुडघे दुखत्यात बसून बसून."

"बस म्हणते ना."

नागाबाई बसली. विमलताईंनी उर्वीच्या वहीवर बोट ठेवलं.

"शेवटचा शब्द खोड."

"हयगय? मग काय लिहू?"

"बाई, कामून उगी," नागाबाई खालच्या आवाजात म्हणाली. "लेकरासमोर."

विमलताईंनी वहीवरचं बोट उचललं नाही.

"तिची पाळी असायची तेव्हा ती खाण्याला, पाण्याला शिवायची नाही. कारण मीच तिला तसं सांगितलं होतं. पंच्याऐंशीच्या महालक्ष्म्यांनंतर, प्रयोगशाळेत, पाच-सहा जणांसमोर. तिनं मांडलेला प्रसाद मी उचलून नेला. माठ तिलाच ओतायला लावला. आणि म्हणाले, चार दिवस खाण्यापिण्याला हात लावायचा नाही. मला येऊन सांगायचंही नाही. तुझं तुला कळायला हवं."

बाहेर मैदानात कोणीतरी टेम्पो सुरू करायचा प्रयत्न करत होतं. तो दोनदा गुरगुरला आणि बंद पडला.

"हे लिहू?" उर्वीनं विचारलं.

"लिही. माझ्या नावानं."

उर्वीनं 'हयगय' वर एक आडवी रेघ मारली. मग खाली, एकेक शब्द जुळवत, विमलताईंनी सांगितलं ते लिहिलं. तिला वेळ लागला. लिहून झाल्यावर तिनं ते हळू आवाजात वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून. वाचताना ती दोघींपैकी कोणाकडेच बघत नव्हती.

नागाबाई मान किंचित कलती करून ऐकत होती. शेवटच्या वाक्याला तिनं हात वर केला.

"येक चुकलं, बाई."

"काय?"

"तुझं तुला कळायला हवं, असं न्हाई म्हणल्या तुमी."

"मग?"

नागाबाई बोलली ते तिच्या बोलीत नव्हतं. विमलताईंच्या स्वच्छ, शाळेतल्या मराठीत होतं, प्रत्येक अक्षर सुटं. चढ-उतारसुद्धा त्यांचाच होता.

"'तुम्हा लोकांना घाणीतच राहायची सवय. कितीही शिकवा.' असं म्हणल्या होत्या." आणि पुन्हा आपल्या आवाजात, जणू वजनाचा आकडा दुरुस्त करावा तसं, "तेवढंच. बाकी बरूबर हाय."

विमलताईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. उर्वीचं पेन कागदाच्या वर थांबलं होतं आणि ती आता सरळ त्यांच्याकडे बघत होती.

"ती म्हणते तसं लिही," विमलताई म्हणाल्या.